शिडी आणि भिंत

डिसेंबर २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात, नागपूर महापालिकेच्या निवडणुकीचे अर्ज भरणे चालू असताना, मगरिबनंतर आमच्या घरी चार माणसं आली. दोन ओळखीची, दोन नवीन. एका लहान पक्षाची होती. पक्षाचं नाव इथं लिहीत नाही. आपल्याच लोकांचा, दीन आणि शरियतचं नाव घेणारा, मोहल्ल्यापुरता मोठा असा पक्ष, एवढं पुरे. चहा झाला, घरच्यांची विचारपूस झाली. मग त्यांच्यातले वडीलधारे म्हणाले, "प्रभागात दोन जागा बायकांसाठी राखीव आहेत. आपांनी उभं राहावं, असं सगळ्यांचं म्हणणं आहे."

आपा म्हणजे आमची थोरली बहीण. घरात शिकवणी घेते, बायकांचा बचत गट चालवते, रेशनकार्डापासून जन्मदाखल्यापर्यंत मोहल्ल्यातल्या बायकांचे अर्ज लिहून देते. आम्ही दोघे भाऊ तिच्याहून लहान. पडद्याआड फुफी अडकित्त्यानं सुपारी कातरत बसली होती. त्या माणसांचं वाक्य संपलं आणि अडकित्त्याचा आवाज थांबला.

आपा म्हणाली, "एक रात्र द्या मला."

ती रात्र आम्ही जागून काढली. चर्चा उमेदवारीपासून सुरू झाली आणि अब्बांच्या शिडीपाशी जाऊन थांबली. तेच इथं लिहितो आहोत. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असं काहीतरी घडलं असेल.

आम्ही मूळचे वर्धा जिल्ह्यातले, आर्वीकडचे. अब्बा १९६८ साली नागपूरला आले आणि एका कापड गिरणीत लागले. खोली मिळाली ती मोमिनपुऱ्याच्या कडेला. मोमिनपुरा हा विणकरांचा मोहल्ला. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तरेकडून आलेल्या मोमिन-अन्सारींची ही वस्ती. माग त्यांचा, उर्दू त्यांची, मोहल्ल्याची पंचायतही त्यांचीच. आमच्या घरात वऱ्हाडी. अब्बा चौकात 'काहून बाप्पा' म्हणाले की पोरं हसायची. गिरणीत ते मियाँभाई होते आणि मोहल्ल्यात देहाती. अशा माणसाला बसायला एक जागा लागते. ती त्यांना मुस्लिम लीगच्या कार्यकर्त्यांच्या ओट्यावर मिळाली. तिथं कुणी त्यांच्या बोलीला हसलं नाही.

लीग म्हटलं की आपल्यातल्याही अनेकांच्या कपाळाला आठी पडते. ती लीग आणि ही लीग यांत फरक आहे, हे अब्बा आयुष्यभर समजावत राहिले. १९४६ च्या निवडणुकीत मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या बहुतेक मुस्लिम जागा ज्या लीगनं जिंकल्या, तिचे पुढारी देशाची फाळणी करून निघून गेले आणि मतदार इथंच राहिला. मग १० मार्च १९४८ रोजी मद्रासला मुहम्मद इस्माईल यांनी जी इंडियन युनियन मुस्लिम लीग उभी केली, ती इथं राहिलेल्यांची होती, भारताच्या घटनेला मानणारी होती. पण नाव तेच ठेवलं. त्या नावाची किंमत केरळात फारशी पडली नाही, नागपुरात मात्र रोज मोजावी लागली. गिरणीच्या फाटकावर अब्बांना कुणीही 'काय रे, पाकिस्तानला कधी?' असं विचारायचं, आणि ते हसून सोडून द्यायचे.

पक्षाचं चिन्ह शिडी. निवडणूक आली की अब्बा एक बांबूची शिडी खांद्यावर घेऊन निघत. तिच्यावर चढून भिंतीवर शिडीच रंगवायची आणि शिडीचेच पोस्टर चिकटवायचे. खळीच्या डब्याचं काम आम्हा भावांकडे होतं. निकालाच्या दिवशी बहुधा अनामत रक्कम जप्त व्हायची. एकूण वैध मतांच्या सहाव्या हिश्शाइतकीही मतं पडली नाहीत की अनामत जाते, हे गणित आम्ही शाळेच्या आधी घरात शिकलो.

गिरणीत अब्बांच्याच पाळीत महालात राहणारे एक काका होते. ते जनसंघाचे, पणतीवाले. सदऱ्याच्या खिशात टाचणी लावलेला छोटा हिशेब असायचा. कोणत्या वस्तीत किती घरं, कुणाकडे कोण जाणार. दोघं डबा एकत्र खायचे. काकांच्या पक्षालाही तेव्हा नागपुरात हरण्याचीच सवय होती. 'आमचा दिवा विझला, तुमची शिडी पडली, चला कामाला,' असा त्यांचा निकालानंतरचा ठरलेला विनोद होता.

आज हा विनोद सांगितला तर नव्या पिढीला खरा वाटत नाही. पण जुने आकडे पाहावेत. १९५२ च्या पहिल्या लोकसभेत हिंदू परंपरेचं नाव घेणारे तीन लहान पक्ष होते. हिंदू महासभेला ४ जागा, जनसंघाला ३, आणि स्वामी करपात्रींच्या रामराज्य परिषदेला ३. पुढे राजेरजवाड्यांचा आणि बड्या शेतकऱ्यांचा स्वतंत्र पक्ष १९५९ साली निघाला, १९६७ ला ४४ जागांपर्यंत चढला आणि १९७४ साली दुसऱ्या पक्षात विरून गेला. महासभा नावापुरती उरली. याच नागपूरचे डॉ. ना. भा. खरे १९३७ साली काँग्रेसतर्फे मध्यप्रांताचे पंतप्रधान झाले होते आणि नंतर महासभेचे अध्यक्ष झाले. आज त्यांचं नाव किती जणांना आठवतं? रामराज्य परिषदेचं तर नावही लोक विसरले. चारांपैकी एकच टिकला आणि डोंगराएवढा झाला.

तोच का टिकला, हे काकांनी अब्बांना एका वाक्यात सांगितलं होतं. "तुमची पार्टी इलेक्शनला भरते, आमची शाखा रोज भरते." संघाची स्थापना नागपुरातच १९२५ साली झाली, पण संघाच्या परिवारातल्या पक्षाला नागपूरची लोकसभेची जागा पहिल्यांदा मिळाली ती १९९६ साली, आणि तीही काँग्रेसमधून आलेल्या बनवारीलाल पुरोहितांच्या रूपानं. मधली सत्तर वर्षं इथले मतदार कधी काँग्रेसला, कधी विदर्भवादी बापूजी अण्यांना, कधी जांबुवंतराव धोट्यांना निवडून देत राहिले. १९८४ ला देशभरात भाजपच्या २ जागा आल्या तेव्हा काका म्हणाले, "दोन तर दोन." हरण्याला ते घाबरत नव्हते. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना जायला मैदान होतं, शाळा होती, पतपेढी होती. अब्बांना मात्र निकालानंतर जायला फक्त चहाची टपरी होती.

केरळात शिडीला भिंत मिळाली. १९६७ साली नंबूद्रिपादांच्या मंत्रिमंडळात लीग सामील झाली, सी. एच. मुहम्मद कोया शिक्षणमंत्री झाले. १९६८ ला कालिकत विद्यापीठ निघालं, १९६९ ला मलप्पुरम जिल्हा झाला. पुढे काँग्रेसच्या आघाडीत जाऊन १९७९ ला हेच कोया काही आठवडे मुख्यमंत्रीही होते. मलबारात मुसलमान सलग वस्तीनं राहतो, मल्याळम बोलतो, आखातात जाऊन कमावतो आणि त्याच्या मताशिवाय सरकार बनत नाही. नागपूर शहरात मुसलमान साधारण बारा टक्के; मोमिनपुरा, हंसापुरी, भालदारपुरा, ताजबाग, जाफरनगर, यशोधरानगर असा विखुरलेला. त्याच्या मतानं नगरसेवक होतो, फार तर एखादा आमदार. अंजुमनच्या शाळा-कॉलेजं इथं आहेत, पण ती काही पक्षानं काढलेली नव्हेत. शिडी तीच, पण तिकडे टेकवायला भिंत होती आणि इकडे अब्बांसारखी माणसं ती हातानं धरून उभी होती.

मुंबईत काही काळ वेगळं दिसलं. गुलाम महमूद बनातवाला १९६७ आणि १९७२ ला उमरखाडीतून महाराष्ट्राच्या विधानसभेवर गेले. उत्तम वक्ते, अभ्यासू माणूस. अब्बांना त्यांचा फार अभिमान. पुढे ते केरळातल्या पोन्नानीतून लोकसभेत गेले आणि तिथून आमच्या घरात एक भांडण आलं, जे अजून मिटलेलं नाही.

फुफीला १९८३ साली तलाक मिळाला. दोन ओळींचं पत्र आलं होतं. पदरात मूल नव्हतं, म्हणून ती आमच्याकडे आली. अब्बांनीच तिला कोर्टात नेलं. फौजदारी संहितेच्या १२५ व्या कलमाखाली महिना नव्वद रुपये पोटगी मंजूर झाली. दर महिन्याला मनीऑर्डर यायची आणि फुफी सही करून घ्यायची. तेवढ्यासाठी ती सही शिकली होती.

एप्रिल १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं इंदूरच्या शाहबानोंचा निकाल दिला. त्यांची पोटगी उच्च न्यायालयानं महिना १७९ रुपये २० पैसे केली होती, ती कायम झाली. आणि देशभर मोर्चे निघाले. मुसलमानांना १२५ व्या कलमातून वगळावं, असं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं ते बनातवालांनी. १९८६ साली राजीव गांधींच्या सरकारनं तसा कायदाच केला. त्या मोर्चांसाठीचे फलक आमच्या घरात रंगवले गेले. अब्बा शिडीवर होते, आम्ही खळीचा डबा धरला होता आणि फुफी आत भाकरी थापत होती.

काही महिन्यांनी तिच्या नवऱ्याच्या वकिलानं नव्या कायद्याचा हवाला देऊन अर्ज केला आणि मनीऑर्डर बंद झाली.

अब्बा आणि फुफी यांच्यात त्यावरून एकदाच बोलणं झालं. अब्बा म्हणाले, "नव्वद रुपयांचं काय घेऊन बसली? मी आहे ना. सवाल शरियतचा होता." फुफी म्हणाली, "भाई, त्या नव्वदात काय येत होतं ते विचारू नका. त्या कागदावर माझं नाव येत होतं." त्यानंतर तिनं हा विषय काढला नाही. पण निवडणुकीत अब्बा शिडीवर बोट ठेवायला सांगत तेव्हा ती मान हलवायची आणि कुणाला मत दिलं ते सांगायची नाही.

आपल्या वाचकांना हमीद दलवाईंचं नाव नवीन नाही. १८ एप्रिल १९६६ ला त्यांनी सात स्त्रियांना घेऊन मुंबईत मोर्चा काढला, तेव्हा त्यांना शिव्या देणाऱ्यांत अब्बांच्या पक्षाचे लोकही होते. आम्ही मोठे झाल्यावर दलवाई वाचले आणि अब्बांशी तावातावानं भांडलो. अब्बांचं उत्तर ठरलेलं असायचं. "तुमचे दलवाई बरोबर असतील. पण दंग्यात दार कोण ठोठावते? गटार तुंबल्यावर कोण येते? पुस्तकवाले येतात का?" आम्ही गप्प व्हायचो, कारण हे खरं होतं. आणि फुफीचंही खरं होतं. दोन खऱ्या गोष्टी एकाच घरात राहत होत्या आणि एकमेकींशी बोलत नव्हत्या.

लहान सनातनी पक्षाचं सगळं नशीब या दोन गोष्टींत आहे, असं आता वाटतं. तो आपलं जुनं जपण्यासाठी म्हणून उभा राहतो आणि प्रत्यक्षात जगतो तो गटार, नळ आणि पोलीस चौकीवर. मोठ्या पक्षाचा नगरसेवक पाच वर्षं फिरकत नाही म्हणून लोक त्याच्याकडे जातात. त्याला मत गटारीचं मिळतं आणि तो ते शरियतच्या खात्यात जमा करतो. मोजणी झाल्यावर म्हणतो, कौमनं आमच्या विचारांना कौल दिला. फुफीच्या शेजारणी-पाजारणींनी मत दिलं होतं ते नळासाठी. पण दिल्लीत त्याचा अर्थ असा लागला की, मुसलमान बाईला पोटगी नको आहे.

डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी पडली आणि मोमिनपुऱ्यात पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली. त्या दिवसांत अब्बांच्या ओट्यावरची माणसं कर्फ्यूतून दूध आणि औषधं पोचवत होती. महालातले काका महिनाभर आले नाहीत. मग एका संध्याकाळी आले, अर्धा तास बसले, चहा घेतला, दिवा किंवा शिडी यांतलं काहीच बोलले नाहीत आणि गेले. गिरणीत डबा एकत्र खाणं त्यानंतर हळूहळू थांबलं. कुणी भांडलं नाही.

दिल्लीत तेव्हा लीगपुढे प्रश्न होता, की बाबरी वाचवू न शकलेल्या काँग्रेसशी नातं ठेवायचं का. पक्षाचे अध्यक्ष इब्राहिम सुलेमान सेट तोडा म्हणत होते, केरळातल्या पुढाऱ्यांना सत्ता सोडवत नव्हती. १९९४ ला सेट बाहेर पडले आणि त्यांनी इंडियन नॅशनल लीग काढली. ओट्यावरच्या चार माणसांत दोन तट पडले. लहान पक्ष फुटतो तेव्हा अर्ध्याचे अर्धे होतात. शेजारच्या रिपब्लिकन भावांचं दुःख तेव्हा आम्हाला कळलं. ३ ऑक्टोबर १९५७ ला याच नागपुरात तो पक्ष जन्मला आणि त्याचे किती गट झाले हे मोजणाराही दमतो.

२०१२ चा किस्सा मात्र लिहिला पाहिजे. महापालिकेच्या १४५ जागांत भाजपला ६२ आणि काँग्रेसला ४१ मिळाल्या. बहुमत कुणालाच नव्हतं. मुस्लिम लीगचे दोन नगरसेवक होते. भाजपनं अपक्षांना आणि लहान पक्षांना घेऊन नागपूर विकास आघाडी बांधली आणि त्या आघाडीत शिडीवालेही बसले. संघाच्या शहरात लीग आणि भाजप एका बाजूला! टपरीवर अब्बांची फार चेष्टा झाली. कुणी म्हणालं, "चाचा, आता शाखेत जाणार का?" अब्बा तेव्हा थकले होते, तरी म्हणाले, "नळ कोणाचा? महापालिकेचा. किल्ली कोणाच्या हाती? मग ज्याच्या हाती किल्ली त्याच्या दारी जावं लागते ना बाप्पा."

काँग्रेसवाल्यांनी याला गद्दारी म्हटलं. त्याच वेळी केरळात ओमन चंडींच्या मंत्रिमंडळात लीगचे मंत्री होते आणि दिल्लीत ई. अहमद राज्यमंत्री होते. २०१९ च्या प्रचारात भाजपच्या एका मुख्यमंत्र्यांनी याच लीगला 'व्हायरस' म्हटलं. २०२३ ला राहुल गांधींनी अमेरिकेत लीगला धर्मनिरपेक्ष म्हटलं तेव्हा भाजपनं गदारोळ केला आणि नागपूरची आठवण काढायची पाळी काँग्रेसची आली. लहान पक्षाबद्दल मोठ्यांची तत्त्वं अशीच असतात. संख्या पुरी पडत असेल तर तो विष, अपुरी पडत असेल तर तोच साथीदार. १९४० च्या दशकात सिंधमध्ये हिंदू महासभेचे लोक लीगच्या मंत्रिमंडळात बसलेच होते की.

२०१७ ला शिडी पडली ती मतदारांच्या रागानं कमी आणि प्रभागाच्या आकारानं जास्त. २०१२ ला एका प्रभागात दोन नगरसेवक होते, आता चार. चोवीस लाखांचं शहर अडतीस प्रभागांत वाटलं म्हणजे एका प्रभागात साठ-पासष्ट हजार माणसं. मोहल्ल्याच्या चार गल्ल्यांत मोठा असलेला पक्ष एवढ्या गर्दीत दिसेनासा होतो. १५१ पैकी भाजपला १०८ आणि काँग्रेसला २९ जागा मिळाल्या, बसपला १०, शिडीला एकही नाही. पुढच्याच वर्षी अब्बा गेले. जनाज्याला ओट्यावरची जुनी माणसं आली होती, दोन्ही तटांची. महालातले काका काठी टेकत आले आणि कब्रस्तानच्या दाराशी उभे राहिले.

मग पतंग आला. हैदराबादच्या एमआयएमनं २०१४ ला महाराष्ट्रात दोन आमदार आणले, २०१९ ला वंचितच्या साथीनं औरंगाबादची लोकसभा जिंकली. ती २०२४ ला गेलीही. मालेगाव मध्यची जागा त्या वर्षी त्यांनी राखली ती १६२ मतांनी. नागपुरात २०१९ ला मध्य नागपूरची विधानसभा काँग्रेसनं सुमारे चार हजार मतांनी गमावली आणि एमआयएमच्या उमेदवाराला त्याहून अधिक मतं पडली. 'पतंगवाल्यांनी पाडलं' म्हणून वर्षभर शिव्या चालल्या. २०२४ ला फरक अकरा हजारांवर गेला, तेव्हा सगळा दोष पतंगाच्या माथी मारता येईना. मत फोडणारा हा शब्द आम्हाला नेहमीच खटकतो. मत आपलं असतं, ते आधी कुणाच्या तरी मालकीचं होतं असं त्यात गृहीत धरलेलं आहे. पण चार हजारांचा हिशेब खोटा आहे असंही म्हणवत नाही.

१७ मार्च २०२५ ला शहरात दंगल झाली. महाल, हंसापुरी, भालदारपुरा. कर्फ्यू लागला. आम्ही फोन फिरवत बसलो आणि लक्षात आलं की फोन करायला नगरसेवकच नाही. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती, तीन वर्षं प्रशासक होता. शिडी नाही, पतंग नाही, पंजा नाही, कमळही नाही. बाळाच्या दुधासाठी कुणाला सांगावं ते कळेना. त्या रात्री पहिल्यांदा आम्हा भावांना अब्बांचा ओटा म्हणजे काय होता ते समजलं.

हे सगळं त्या डिसेंबरच्या रात्री निघालं. आमच्यातला मोठा म्हणाला, "आपानं उभं राहावं. आत गेल्याशिवाय पक्ष बदलत नाही." धाकटा म्हणाला, "पक्षाला जागा भरायला बाई पाहिजे, आपा नको." दोन्ही बाजूंना दाखले होते. निम्म्या जागा बायकांना ठेवण्याचा कायदा महाराष्ट्रात २०११ ला झाला नसता तर ती चार माणसं आमच्या घरी आलीच नसती. तिकडे केरळात लीगनं २०२१ ला विधानसभेसाठी एका बाईला उमेदवारी दिली ती पंचवीस वर्षांनी. त्याच वर्षी विद्यार्थी संघटनेतल्या मुलींनी आपल्याच पुरुष पुढाऱ्यांविरुद्ध महिला आयोगाकडे तक्रार केली, तर पक्षानं त्या मुलींची समितीच बरखास्त केली. पण त्या मुली पक्षात शिरल्या होत्या म्हणून तर बोलल्या, हेही आहेच.

आपानं फुफीला विचारलं. फुफी आता पंचाहत्तरीला आली आहे. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं १२५ वं कलम मुसलमान बाईलाही लागू आहे असं स्वच्छ सांगितलं, तेव्हा आपानं तिला पेपर वाचून दाखवला होता. २००१ लाही न्यायालयानं १९८६ च्या कायद्याचा अर्थ बायकांच्या बाजूनं लावला होता, पण तोवर फुफीचा तो माणूस मातीआड गेला होता. पेपर ऐकून ती एवढंच म्हणाली होती, "आता वाचून दाखवते?" त्या रात्री मात्र ती म्हणाली, "उभी राहा नाहीतर राहू नको. पण त्यांना विचार."

दुसऱ्या दिवशी माणसं आली. आपा पडद्याआड गेली नाही, समोर बसली. म्हणाली, "माझे दोन सवाल आहेत. सभागृहात मी काय बोलायचं हे कोण ठरवणार? आणि सोडलेल्या बाईच्या पोटगीबद्दल पक्षाचं आजचं मत काय?"

वडीलधारे जरा वेळ गप्प राहिले. चांगला माणूस, अब्बांना ओळखणारा. म्हणाले, "बेटी, पोटगीचा विषय महापालिकेचा नाही."

"खरं आहे, चाचा," आपा म्हणाली. "शरियतही महापालिकेचा विषय नाही. पण तुमच्या पत्रकाची पहिली ओळ तीच आहे."

ते म्हणाले, वर विचारून सांगतो. फोन आला नाही. ३० डिसेंबरला मुदत संपली. त्या जागेवर एका कार्यकर्त्याच्या बायकोनं अर्ज भरला होता. पोस्टरवर तिचा चेहरा लहान आणि नवऱ्याचा मोठा. ती निवडून आली की पडली हे सांगितलं तर पक्ष ओळखू येईल, म्हणून राहू देतो. तिच्याबद्दल आमची तक्रार नाही. पाच वर्षांत तिचा चेहरा मोठा होऊ शकतो. पुष्कळींचा झाला आहे.

१५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं. भाजपनं १०२ जागांसह पुन्हा बहुमत मिळवलं. शिडी आणि पतंग, दोघांनाही थोड्या जागा मिळाल्या आणि मोहल्ल्यात दोन दिवस फटाके वाजले. आपा त्याच आठवड्यात बचत गटाच्या बायकांना घेऊन बसली आणि नळ, गटार आणि दवाखाना यांचा कागद तयार केला. तो चारही नगरसेवकांना देणार आहे, चिन्ह न पाहता. काकांच्या खिशातला टाचणीचा हिशेब आम्हाला आठवला. मैदान नसेल आपल्याकडे, पण महिन्यातून एक बैठक रोज नाही तरी नेमानं भरू शकते.

मतदानाला फुफीला आम्ही खुर्चीवर बसवून नेलं. चार जागा म्हणजे चार मतं द्यायची. ती बराच वेळ आत होती. बाहेरची पोरं हसत होती, म्हातारी अडकली म्हणून. आली तेव्हा धाकट्यानं विचारलं, "फुफी, शिडीला दिलं की नाही?"

फुफी म्हणाली, "चार होती. एक तुझ्या बापाच्या नावानं दिलं. बाकीची माझी."

अब्बांची शिडी मागच्या अंगणात आहे. दोन पायऱ्या निघाल्या आहेत. पाण्याची टाकी पाहायला अजून तीच लावावी लागते. कुणीतरी खालून धरतं, मग दुसरा चढतो.